साक्षीची घाई, गोळीचा उशीर

बडोद्यात फतेगंजमधल्या चर्चपासून कारेलीबागेतले मानसिक आरोग्य रुग्णालय फार लांब नाही. विश्वामित्री ओलांडायची, एवढेच. तरी ख्रिस्ती घरात कुणाची झोप उडाली, कुणी दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडू लागले, कुणाला कानात आवाज येऊ लागले, की पहिला फोन पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना जातो आणि रुग्णालयाची पायरी पुष्कळ उशिरा चढली जाते. यात ख्रिस्ती घरे वेगळी नाहीत. दांडिया बाजारातले कुटुंब आधी गुरुजींना पत्रिका दाखवते, कुणी दर्ग्यात जाऊन दोरा बांधते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात गुजरातही होते. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराने त्रस्त होते, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

म्हणून मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मानसिक रुग्णासाठी प्रार्थना करावी की करू नये, हा वाद मला वांझोटा वाटतो. ती होणारच. घरचे बोलावणार, पाळक जाणार, चार बहिणी डबा घेऊन येणार. विचार करायचा तो ती प्रार्थना कशी, केव्हा, किती वेळ आणि कुणादेखत व्हावी याचा; आणि त्याबद्दल आपल्या मंडळ्यांत धड नियम नाहीत. देवाकडे मागितल्याने कुणाचे बिघडत नाही. बिघडते ते रुग्णाकडे निकाल मागितल्याने. तो निकाल वसूल करण्याची आपली जुनी आणि लाडकी रीत म्हणजे साक्ष: देवाने बरे केले असे सगळ्यांसमोर उभे राहून सांगणे.

आधी गोळीचे वेळापत्रक पाहू. नैराश्यासाठी डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन यांपैकी एक औषध सुरू करतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत पदरात पडतो तो त्रासच: मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, आतून घालमेल, काहींची उरलीसुरली झोपही जाते. फायदा दिसू लागतो दोन ते चार आठवड्यांनी, आणि तो पुरता कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवायला डॉक्टर सांगतात, कारण या काळात घालमेल आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात.

आता मंडळीचे वेळापत्रक. बातमी कळते त्या आठवड्यात घर भरून जाते. रोज संध्याकाळी गाणी, वचने, हात ठेवून प्रार्थना. दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा माणसे उरतात, तिसऱ्यात पाळक आणि एखादी शेजारीण. म्हणजे गोळीचा त्रास चालू आहे, फायदा अजून दिसत नाही आणि माणसेही पांगली आहेत, या सगळ्यात अवघड टप्प्यावर रुग्ण एकटा पडतो. गोळ्या नेमक्या इथे सुटतात. भेटींची संख्या वाढवण्याची गरजच नाही, त्या पसरून द्याव्यात. दहा भेटी जमणार असतील तर पहिल्या आठवड्यात दोन पुरेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तीन-तीन कराव्यात, उरलेल्या दोन सहाव्या आणि आठव्या आठवड्यासाठी राखाव्यात. मंडळीच्या सेक्रेटरीने वहीत तारखा लिहून नावे वाटून दिली तरी पुष्कळ काम होईल.

सहा-आठ आठवड्यांनी माणूस सावरतो, जेवू लागतो, रविवारी उपासनेला येतो. मग कुणीतरी सुचवते, साक्ष द्या. “प्रभूने मला बरे केले” या वाक्यात खोटे काही नाही. विश्वासी माणूस बरे होण्याचे श्रेय देवाला देणारच, गोळीने बरे झाला तरी देणार. घात होतो पुढच्या वाक्याने: “आणि मी गोळ्या सोडल्या.” टाळ्या नेमक्या याच वाक्याला पडतात.

औषध सोडले की आजार दुसऱ्या दिवशी परतत नाही, ही यातली खरी मेख. एकदम सोडले तर काही दिवस चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, चिडचिड वाढते. बहुतेकांचे ते दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मग बराच काळ सगळे ठीक चालते. मूळ आजार उलटतो तो त्यानंतर, काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी. मधला काळ साक्षीला खरे ठरवत राहतो. आजार उलटल्यावर रुग्ण डॉक्टरांकडे जायला कचरतो, कारण त्यांना न विचारता गोळ्या सोडल्या. पाळकांकडे जायला त्याहून कचरतो, कारण सगळ्या मंडळीदेखत बरा झालो म्हणून सांगून बसलो. तुझाच विश्वास कमी पडला, असे कुणी तोंडाने बोलावेही लागत नाही. विनाकारण अपराधी वाटणे हे नैराश्याचे लक्षणच आहे. तो आरोप रुग्ण स्वतःच स्वतःवर ठेवतो.

वैद्यकाचा साधारण दंडक असा: नैराश्याचा पहिला झटका असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यापासून पुढे सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे. झटके वारंवार आले असतील तर दोन वर्षे किंवा जास्त. आवाज ऐकू येणे, भलभलते संशय अशा आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर किमान एक-दोन वर्षे. थांबवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू मात्रा उतरवत. यावरून मंडळीसाठी सरळ नियम निघतो. मानसिक आजाराबद्दल व्यासपीठावरून साक्ष घ्यायचीच असेल तर बरे झाल्यावर वर्षभर थांबावे, आणि तीत गोळ्या सोडल्याची भाषा येणार नाही हे पाळकांनी आधी बसून पाहावे. पुष्कळांना हे देवाच्या कामात आडकाठी घातल्यासारखे वाटेल. वाटू दे.

उपास आणि जागरण यांबद्दल जास्त तपशिलात बोलायला हवे, कारण इथे चांगल्या हेतूने थेट शरीराला इजा होते. उन्मादी-अवसादी आजारात, ज्याला हल्ली सगळे बायपोलर म्हणतात, अनेकांना लिथियम दिले जाते. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल ठेवायचे असते, १.५ च्या वर गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे कमीच. शरीरातले पाणी घटले किंवा जेवणातले मीठ एकाएकी कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातले प्रमाण चढते. ईस्टरआधीचा उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्ये येतो. शुभ शुक्रवारची तीन तासांची उपासना भर दुपारी बारा ते तीन असते, आणि तोवर बडोद्याचे ऊन तापलेले असते. तोंडात पाण्याचा थेंब न घेता तो दिवस काढणारे भाविक पुष्कळ. लिथियम घेणाऱ्याने तसे करू नये. हाताची थरथर वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर “आत्म्याचा भार” वगैरे म्हणत बसू नये. पुढची गोळी न देता तसेच इस्पितळात न्यावे आणि लिथियम चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळीनेही हे प्रमाण चढते, हे घरच्यांना माहीत नसते.

जागरणाचे तसेच. बायपोलर असलेल्या माणसाची झोप तुटणे हे उन्मादाचे लक्षण आहे आणि कारणही. रात्रभराच्या प्रार्थनेने, लागोपाठ तीन रात्रींच्या सुवार्ता सभेने, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेने असा माणूस उन्मादात चढू शकतो. आणि चढलेला माणूस सुरुवातीला मंडळीला फार आवडतो! तो पहाटे तीनला उठून प्रार्थना करतो, अस्खलित वचने म्हणतो, दर्शने सांगतो, हात सैल सोडून दान देतो. अभिषेक झाला म्हणून त्याला पुढे बसवतात. भक्तीचा भर आणि उन्माद यांतला फरक ओळखायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही, त्याच्या बायकोला चार प्रश्न विचारले तरी पुरते. किती तास झोपतात आणि तरी ताजेतवाने असतात का? विरोध केला तर अंगावर येतात का? पैसा कुठे कुठे गेला? बोलताना दुसऱ्याला वाव मिळतो का? तीन तास झोपून आठवडाभर थकवा न येणारा माणूस संदेष्टा असण्यापेक्षा आजारी असण्याचा संभव फार मोठा. त्याला उपदेशाला उभे करू नये, रात्री घरी पाठवावे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

यावर शास्त्राधाराचा प्रश्न येतो. आधार भरपूर आहे, फक्त आपण तो वाचून पुढे जातो. बायबलमध्ये १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, पाप विचारत नाही. झोपू देतो, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देऊन उठवतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाशी संभाषण पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. झोप, अन्न, पाणी आणि मग बोलणे हा क्रम आजही कुठल्याही मानसोपचार विभागात बदललेला दिसणार नाही. स्तोत्र ८८ तर पूर्ण काळोखाचे आहे. बाकीची विलापाची स्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपते. तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवले गेले. ज्या रुग्णाला “आनंद करा” ऐकवत नाही त्याच्यासाठी हे स्तोत्र हळू आवाजात वाचावे, आणि वाचून झाल्यावर त्याला गोड शेवट जोडू नये.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू शिष्यांना काय मागतो? माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. उपाय मागत नाही, सोबत मागतो. प्रेषित पौलाने तीनदा विनंती केली तरी त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढेच उत्तर मिळाले. विश्वास पुरेसा असला की आजार जातोच, असे म्हणणाऱ्याने पौलाचा विश्वास कुठे कमी पडला ते आधी दाखवावे.

तेल लावून प्रार्थना करण्याचा मुख्य आधार याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि तोच सर्वांत कमी काळजीने वाचला जातो. आजारी असलेल्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावे, असे तिथे लिहिले आहे. बोलावणारा रुग्ण आहे. शेजारणीने नाव दिले म्हणून, सासूने हट्ट धरला म्हणून वीस माणसे घरात शिरून डोक्यावर हात ठेवू लागली तर ते याकोबाप्रमाणे झाले नाही. दुसरे, बोलवायचे ते वडिलांना, म्हणजे जबाबदार, ओळखीच्या, उद्या जाब विचारता येईल अशा माणसांना. बाहेरगावाहून तीन दिवसांसाठी आलेल्या प्रचारकाला नव्हे. तिसरे, तेल त्या काळी औषधही होते. लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो, आणि मग जखमीला उतारशाळेत नेऊन पुढच्या खर्चाचीही सोय करतो. औषध आणि प्रार्थना यांचे भांडण लावणारा माणूस नव्या कराराच्या काळात शोधावा लागेल. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, हे कलस्सैकरांच्या पत्रात आहेच.

भुताचे काय? आवाज ऐकू येणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या, अंगावर धावून जाणाऱ्या रुग्णाबद्दल ही शंका मंडळीत निघतेच, आणि ती हसण्यावारी नेऊन भागत नाही. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी नावे वेगवेगळी दिली आहेत. म्हणजे सुवार्ता लिहिणाराही सगळे एकाच खात्यात टाकत नाही. रोमन कॅथलिक चर्चने तर दार जवळजवळ लावूनच घेतले आहे: १९८३ च्या धर्मसंहितेतील ११७२ व्या नियमानुसार बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय भूत काढण्याचा विधी कुणाला करता येत नाही, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला सुधारित विधी हा आजार तर नाही ना याची आधी खात्री करून घ्यायला, गरज पडल्यास वैद्यकीय जाणकारांचा सल्ला घ्यायला सांगतो. आपल्या स्वतंत्र प्रार्थनागृहांत याच्या शतांशाचीही शिस्त नाही. मोठ्याने ओरडणे, रुग्णाला धरून ठेवणे, हलवणे, “तुझे नाव सांग” म्हणून दरडावणे यांचा परिणाम काय होतो? ज्याला आधीच वाटते आहे की कुणीतरी आपल्यात शिरले आहे, त्याला वीस माणसे एका सुरात सांगतात की हो, शिरले आहे. भ्रम पक्का करण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

बांधून ठेवण्याबद्दल तर बोलायलाच नको. मार्कच्या पाचव्या अध्यायातल्या माणसाला बेड्या-साखळ्या गावकऱ्यांनी घातल्या होत्या. येशूला भेटल्यावर तो वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला दिसतो. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९५ ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास साफ मनाई केली आहे. चर्चच्या आवारात किंवा घरात असे काही चालू असेल तर पाळकाने प्रार्थनेआधी कुलूप काढायला सांगावे.

एक आजार असा आहे की ज्यात प्रार्थना हेच लक्षण होते. माझ्याकडून पवित्र आत्म्याची निंदा झाली, क्षमा न होणारे पाप घडले, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून सगळी पुन्हा म्हणायला हवी, असे विचार माणसाला दिवसभर छळतात. हा मंत्रचळाचाच (ओसीडीचा) धार्मिक वेष. असा माणूस पाळकांना दिवसातून पाच वेळा फोन करून विचारतो, “मला क्षमा झाली ना?” पाळक प्रेमाने पाचही वेळा हो म्हणतात. तासभर बरे वाटते, मग शंका दुप्पट होऊन येते. दिलासाच इथे आजाराला खतपाणी घालतो. याचा उपचार, औषधाखेरीज, शंका येऊ देऊन उत्तर न मागण्याचा सराव हा आहे. तो मानसतज्ज्ञ पायरीपायरीने करून घेतात. औषधालाही इथे जास्त वेळ लागतो, आठ ते बारा आठवडे. पाळकाने उत्तर एकदाच द्यावे, आणि पुढच्या वेळी “याचे उत्तर मी दिले आहे, पुन्हा देणार नाही” असे शांतपणे सांगावे. जेसुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसात याच दुखण्याने इतके पोळले होते की जीव देण्याचे विचार येत. जुनी पापे पुन:पुन्हा कबूल करूनही मन थांबेना, म्हणून त्यांनी आठवडाभर अन्न सोडले. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी काय केले? उपास मोडायची आज्ञा दिली. आपल्याकडे किती पाळक असे सांगायला धजतील, कुणास ठाऊक.

प्रार्थनेने बरा झालेला माणूसही औषधाच्या बाजूने उभा राहू शकतो, याचे चांगले उदाहरण भारतातच आहे. मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले. पहिल्या काही वर्षांत ते मनाने वारंवार कोसळले. लखनौच्या चर्चमध्ये एका संध्याकाळी प्रार्थनेत आपण सावरलो, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. म्हणजे साक्ष द्यायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही. आणि याच माणसाने १९५० मध्ये लखनौला नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र काढले, ज्यात मानसोपचारतज्ज्ञ नेमले. स्वतःला जे प्रार्थनेत मिळाले ते सगळ्यांना तसेच मिळेल, असे त्यांनी गृहीत धरले नाही. बडोद्यातही मेथडिस्ट मंडळी जुनी आहे. तिने आपल्याच घराण्यातला हा पायंडा आठवावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले, तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायची पद्धत पडली. आणि गुजरातेत म्हणाल, तर मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात “दवा आणि दुआ” या नावाने मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच रुग्ण तपासू लागले. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे पाठवतात. दर्ग्याला हे जमले. चर्चला का जमू नये? महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर दोन तास एखाद्या डॉक्टरांना चर्चच्या सभागृहात बसवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

विवेकवादी मित्र म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, हे प्रार्थनेचे प्रकरणच बंद करा. फसव्या आरोग्यसभांबद्दल त्यांचा राग रास्त आहे. पण पाळकाचे दार बंद केले म्हणून माणूस कारेलीबागेकडे वळेल, हे त्यांचे गृहीतक चुकते. तो घरातच पडून राहील. ज्याच्याकडे लोक आपण होऊन येतात त्याला शहाणे करणे हा जवळचा रस्ता. शिवाय गुजरातेत एक वेगळी अडचण आहे. प्रलोभनाने धर्मांतर करायला मनाई करणाऱ्या राज्याच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने प्रलोभनाच्या व्याख्येत दैवी आशीर्वादाचाही समावेश केला. मंडळीबाहेरच्या मनोरुग्णावर हात ठेवून “बरा होशील” म्हणणारा पाळक कशाला तोंड देतो आहे, हे त्याने ओळखलेले बरे. या कायद्याबद्दल माझे मत काय, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण बरे होण्याचे वचन देऊ नये, ही शिस्त कायदा नसता तरी पाळावीच लागली असती, कारण ते वचन देणे आपल्या हातात नाही.

भेट कशी असावी? दोघांनी जावे, त्यांत रुग्ण बाई असेल तर एक बाई. आधी फोन करून विचारावे. वीस ते तीस मिनिटे बसावे, त्याहून जास्त नाही. खचलेल्या माणसाला पाहुण्यांसमोर बरे दिसण्याचे श्रम फार होतात. उभे राहून बोलू नये, त्याच्या पातळीवर बसावे. औषध सोडा किंवा घ्या यांपैकी काहीच सांगू नये, फक्त “पुढची तारीख कधी, कोण नेणार, मी येऊ का” एवढे विचारावे. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. तोंड उघडले आणि बिघडले. प्रार्थनेआधी विचारावे, “आज काय मागू?” तो म्हणाला, झोप, तर झोपच मागावी, त्यात त्याच्या पश्चात्तापाची भर घालू नये. दोन-तीन मिनिटांत, हळू आवाजात संपवावे. आणि शक्यतो मराठीत. बडोद्यात मराठी ख्रिस्ती घरे मोजकी, उपासना बहुधा गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत. रविवारी ते चालून जाते. पण मन खचलेले असताना परक्या भाषेतली वचने वरवरून जातात. लहानपणी आईबरोबर म्हटलेले एखादे कडवे कधी कधी अख्ख्या उपदेशापेक्षा जास्त आत पोहोचते.

जीव देण्याचे विचार येतात का, हे विचारायला माणसे घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा मोकळे वाटते. आडवळण न घेता विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” हो म्हणाला तर ते पाप असल्याचे व्याख्यान देऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि विषारी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात, आणि त्याच दिवशी सयाजीराव रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. भाषा निवडता येते, तीत मराठीही आहे. पोलिसांच्या भीतीने कुटुंबे गप्प बसतात, पण २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याच्यावर खटला भरण्यापासून संरक्षण दिले आहे. ज्या घरात अशी मृत्यूची घटना घडून गेली आहे तिथे दफनाच्या वेळी कुजबुज होते. कॅथलिक धर्मशिक्षण अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे सांगते, आणि तीव्र मानसिक व्यथेने जबाबदारी कमी होते असेही. प्रॉटेस्टंट पाळकाने यापेक्षा कठोर होण्याचे काही कारण मला दिसत नाही.

राहिला गुप्ततेचा भाग. रविवारच्या उपासनेत प्रार्थनेसाठी नावे वाचली जातात आणि दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मूतखड्याला यातून अपाय नाही. पण “अमुक बहीण, मानसिक आजार” असे वाचल्यावर तिच्या मुलीचे लग्न आणि तिची स्वतःची नोकरी यांवर काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. “एका कुटुंबासाठी” एवढे लिहिले तरी देवाला पत्ता कळतो. पाळकाला सांगितलेले वडीलमंडळाच्या सभेतही जाऊ नये, त्या माणसाने होकार दिल्याशिवाय. अपवाद एकच: जीव धोक्यात असेल तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावेच लागते, आणि ते सांगणार हेही आधी त्याला बजावून ठेवावे.

आणि रुग्णाच्या आईकडे किंवा बायकोकडे कुणी पाहत नाही. गोळ्या मोजणारी, रात्री उठून दार लावले का पाहणारी, डॉक्टरांच्या बाकड्यावर तीन तास बसणारी तीच असते, आणि मंडळी आली की चहा करायलाही तीच उठते. दर आठवड्याला एक दुपार मंडळीतल्या कुणीतरी त्या घरी जाऊन बसावे, म्हणजे तिला बाहेर पडता येईल. त्या वेळात प्रार्थना करायची की भांडी घासायची, हे तिला विचारावे.